विद्वानाचें टिपण कोणाचें?

एखादा विचारप्रवर्तक ग्रंथ हातीं आला म्हणजे सामान्य वाचक त्यांतील प्रतिपादन वाचतो, दृष्टांत पाहतो, क्वचित् एखाद्या वाक्याखालीं पेन्सिलीची रेघ ओढतो. परंतु पानाच्या तळाशीं बारीक टायपांत छापलेल्या टिपांकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. वस्तुतः ग्रंथकाराची सचोटी तेथेंच कसास लागते. मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना निराधार असें कांहींही लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा केली होती. ही प्रतिज्ञा करणें सोपें, पाळणें कठीण. कारण ती पाळावयाची तर अमुक गोष्ट अमुक ग्रंथाच्या अमुक पानावर वाचली, हें दहा वर्षांनंतरही बिनचूक सांगतां आलें पाहिजे. मनुष्याची स्मृति इतका भार सोसत नाहीं. म्हणून प्रत्येक युगांत विद्वानांनीं स्मृतीला कांहीं ना कांहीं टेकू दिला आहे. वही, चिठ्ठी, पेटी, कपाट आणि अलीकडे संगणक हीं त्या टेकूचींच निरनिराळीं रूपें होत. या साधनांचा इतिहास दिसावयास रुक्ष आहे खरा, पण त्यांत एक प्रश्न आरंभापासून दडून बसला होता आणि तो आपल्या पिढींत उघड्यावर आला. विद्वानानें जन्मभर जमविलेलीं टिपणें अखेर कोणाच्या मालकीचीं? संशोधनासाठीं संदर्भांचें सॉफ्टवेअर निवडूं पाहणाऱ्या तरुण अभ्यासकास हा प्रश्न लांबचा वाटेल. परंतु त्याच्या निवडीचें मर्म याच प्रश्नांत आहे.

युरोपांत मुद्रणकलेचा प्रसार होतांच ग्रंथांचा पूर आला. त्या पुरांत वाट काढणाऱ्यांमध्यें झुरिक येथील कॉनरड गेस्नर हा पंडित अग्रगण्य होय. लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांतील सुमारे तीन हजार ग्रंथकारांची नोंद असलेली त्याची प्रचंड सूचि १५४५ सालीं प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनीं निघालेल्या तिच्या पुढील भागांत त्यानें आपल्या कामाची युक्तिही सांगून टाकली. कागदाच्या एकाच बाजूस टिपणें लिहावीं, प्रत्येक टिपण कात्रीनें वेगळें करावें, त्या चिठ्ठ्या विषयवार लावाव्या आणि क्रम मनासारखा झाला म्हणजे मगच डकवाव्या, अशी ती युक्ति. ऐकावयास ही गोष्ट अगदींच साधी वाटते; परंतु तिचें महत्त्व मोठें आहे. वहींत लिहिलेलें टिपण ज्या पानावर लिहिलें त्या पानाचा कैदी होऊन राहतें. चिठ्ठीवरचें टिपण मात्र हवें तिकडे हलवितां येतें.

पुढें १६८६ सालीं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें वहींतीलच टिपणें सांपडावीं कशीं, याची अनुक्रमणिकेची पद्धति एका फ्रेंच नियतकालिकांतून मांडली. आणि १६८९ सालीं हँबुर्गचा विद्वान व्हिन्सेंट प्लाक्सियस यानें टिपणें काढण्याच्या कलेवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांत एका अजब कपाटाचें वर्णन आहे. कपाटाच्या आंत विषयांचीं नांवें लिहिलेल्या पट्ट्या बसविलेल्या असत आणि प्रत्येक पट्टीस आंकडे असत. चिठ्ठी लिहावी आणि ज्या त्या विषयाच्या आंकड्यास टोंचून ठेवावी. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स याच्या संग्रहीं असें एक कपाट होतें, असें सांगतात. आजच्या सॉफ्टवेअरमध्यें डाव्या हाताला जी विषयवार कप्प्यांची रांग दिसते, तिचा पूर्वज हाच.

चिठ्ठीला ठराविक आकार आणि जाड कागद लाभण्यास राज्यक्रांतीचें निमित्त झालें. फ्रान्समध्यें धर्मसंस्थांचे ग्रंथसंग्रह सरकारजमा झाल्यावर १७९१ सालीं त्यांची यादी करण्याचा हुकूम सुटला, तेव्हां नोंदी लिहावयास खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठी वापरण्यांत आल्या! पुढील शतकांत अमेरिकेंतील मेल्व्हिल ड्यूई यानें ग्रंथालयांसाठीं कार्डांचें माप कायम केलें, आणि तीं कार्डें विद्वानांच्या अभ्यासिकेंतही शिरलीं. या मार्गाची परमावधि ब्रसेल्स येथें झाली. पॉल ऑत्ले आणि आंरी ला फोंतेन या दोघां बेल्जियन गृहस्थांनीं १८९५ सालीं जगांतील यच्चयावत् ग्रंथांची व लेखांची एक सूचि कार्डांवर करण्यास आरंभ केला. ला फोंतेन यांस १९१३ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांची सूचि दीड कोटी कार्डांवर गेली. परंतु १९३४ सालीं बेल्जियन सरकारनें त्यांचें दालन बंद केलें, आणि १९४० च्या जर्मन स्वारींत संग्रहाचा कांहीं भाग नष्ट झाला. उरलेला संग्रह मों या शहरांत जतन केलेला आहे. एवढें प्रचंड काम दुसऱ्याच्या जागेंत आणि दुसऱ्याच्या मर्जीवर उभें होतें, हें त्याच्या अवनतीचें एक कारण होय. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

महाराष्ट्रालाही चिठ्ठ्यांचें हें राज्य अपरिचित नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकारानें १९४८ सालीं संस्कृतच्या महाकोशाचें काम सुरू झालें. त्यासाठीं सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेंचले गेले आणि प्रत्येक शब्दाचा प्रयोग व त्याचें स्थळ चिठ्ठीवर उतरविण्यांत आलें. अशा चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरांत गेली, आणि कोशाच्या पहिल्या खंडाचें मुद्रण १९७६ सालीं प्रकाशांत येऊं लागलें. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि सिद्ध केली ती तर एका व्यक्तीच्या चिकाटीचें स्मारकच आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत निघत राहिले. त्यांच्या पानांच्या तळाशीं टिपांची जी दाट वस्ती आहे, ती पाहिली म्हणजे संदर्भ सांभाळणें हा विद्वत्तेचा अलंकार नसून तिचा कणा आहे, हें पटतें.

कागदी चिठ्ठीचे दोष सर्वांस ठाऊक आहेत. एक चिठ्ठी एकाच वेळीं एकाच कप्प्यांत राहूं शकते. ती दोन विषयांखालीं हवी असेल तर दोनदां लिहावी लागते. वाळवी, ओल, आग आणि निष्काळजी नोकर हे तिचे चार वैरी. ग्रंथ पुरा झाला म्हणजे सर्व चिठ्ठ्यांवरचा मजकूर पुन्हां हातानें उतरवावा लागतो, व उतरवितांना पानांचे आंकडे चुकतात. हें सर्व खरें असलें तरी चिठ्ठीचा एक गुण असा होता कीं तो गुण म्हणून कोणाच्या लक्षांतच आला नाहीं. ती वाचावयास कोणाची परवानगी लागत नसे. कपाट विकणारा सुतार उद्यां दिवाळखोर झाला किंवा त्याचें दुकान दुसऱ्यानें विकत घेतलें, तरी कपाटांतील अक्षरें पुसलीं जात नसत.

संगणकाचें युग या गुणाला मुकणार होतें. त्याची चाहूल १९४५ च्या जुलैंतच लागली. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्या महिन्यांत ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत लेख लिहून, विद्वानाच्या टेबलांतच त्याचे सर्व ग्रंथ व टिपणें सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सांठविणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. दहा वर्षांनीं, १९५५ सालीं, यूजीन गार्फील्ड यानें ‘सायन्स’ नियतकालिकांत दुसरी कल्पना पुढें केली. अमेरिकन वकिलांपाशीं एका निकालाचा आधार पुढील कोणकोणत्या निकालांत घेतला गेला हें सांगणारी सूचि १८७३ पासून होती. तशीच सूचि शास्त्रीय लेखांची करावी, अशी ती कल्पना. ती त्याच्याच संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत प्रत्यक्षांत आणली. संदर्भ हा तोंवर विद्वानाच्या नीतीचा विषय होता. येथून तो व्यापाराचाही झाला.

१९८० नंतर घरगुती संगणक आले आणि टिपणांचीं कपाटें त्यांत शिरलीं. १९८४ च्या सुमारास ‘रेफरन्स मॅनेजर’ हें सॉफ्टवेअर निघालें. १९८५ सालीं ओरेन पटाश्निक यानें गणिती व शास्त्रज्ञ यांच्या सोयीचें ‘बिबटेक’ रचलें. आणि त्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड नाइल्स यांच्या कंपनीचें ‘एंडनोट’ बाजारांत आलें. या सर्वांचीं कामें मुख्यतः तीन. पहिलें, ग्रंथाचा कर्ता, नांव, प्रकाशक, वर्ष, पानें वगैरे माहिती गोळा करणें. दुसरें, ती हवी तेव्हां सांपडेल अशी सांठविणें. आणि तिसरें, लेख लिहितांना योग्य ठिकाणीं टीप घालून शेवटीं संदर्भांची यादी आपोआप रचून देणें. यांपैकीं तिसऱ्या कामाचें महत्त्व ज्यानें प्रबंध लिहिला आहे तोच जाणतो. एका नियतकालिकास कर्त्याच्या नांवामागोमाग वर्ष हवें असतें, दुसऱ्यास तें ओळीच्या शेवटीं. एकास आडनांव आधीं, दुसऱ्यास नंतर. एकास अंक कंसांत, दुसऱ्यास उघडे. एका ठिकाणीं नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवावयाचा तर तीनशें संदर्भ नव्यानें मांडावे लागत. तें काम यंत्र एका क्षणांत करूं लागलें. प्रत्येक नियतकालिकाच्या या मांडणीचे नियम सॉफ्टवेअरच्या कंपन्या निरनिराळ्या फायलींत लिहून ठेवीत. एंडनोटपाशीं अशा साडेतीन हजारांवर फायली होत्या. या निर्जीव दिसणाऱ्या फायलींवरूनच पुढें कज्जा उभा राहिला.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत जॉर्ज मेसन विद्यापीठ आहे. तेथें रॉय रोझेनझ्वाइग या इतिहासकारानें १९९४ सालीं इतिहास आणि नवीं माध्यमें यांचें एक केंद्र स्थापन केलें. या केंद्रानें २००६ च्या ऑक्टोबरांत ‘झोटेरो’ नांवाचें संदर्भांचें सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलें. आत्मसात् करणें या अर्थाच्या अल्बेनियन क्रियापदावरून हें नांव घेतलें आहे. इतिहासकारांनीं इतिहासकारांसाठीं केलेली ही वस्तु विनामूल्य होती, आणि तिची अंतर्रचना कोणासही पाहण्यास व सुधारण्यास मोकळी होती. ग्रंथालयाच्या सूचीचें पान पडद्यावर उघडावें आणि एक कळ दाबावी, कीं ग्रंथाची सर्व माहिती आपल्या संग्रहांत येऊन पडे. तिचा प्रसार झपाट्यानें झाला.

एंडनोट त्या वेळीं टॉमसन रॉयटर्स या बलाढ्य कंपनीच्या हातीं होतें. झोटेरोच्या नव्या आवृत्तींत एंडनोटच्या मांडणीच्या फायली वाचण्याची सोय दिसतांच सप्टेंबर २००८ मध्यें या कंपनीनें व्हर्जिनिया राज्यावरच दावा ठोकला. विद्यापीठानें एंडनोट परवान्यानें घेतलें होतें. त्या परवान्यांत सॉफ्टवेअर उकलून त्याची रचना पाहण्यास मनाई होती. ती मनाई मोडून फायलींचें रहस्य काढण्यांत आलें, अशी फिर्याद होती. मागणी होती वर्षास एक कोटी डॉलर नुकसानभरपाईची, आणि ती सोय बंद करण्याची. विद्यापीठानें नमतें घेतलें नाहीं. एंडनोटचा परवाना पुढें चालू ठेवणार नाहीं, असें त्यानें जाहीर केलें आणि वापरणाऱ्यानें स्वतः तयार केलेली सामग्री त्याचीच असून ती एका साधनांतून दुसऱ्यांत नेण्याची मोकळीक त्यास असली पाहिजे, अशी भूमिका घेतली. जून २००९ मध्यें न्यायालयानें दावा काढून टाकला.

कंपनीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नव्हतें असें नाहीं. हजारों नियतकालिकांचे नियम गोळा करण्यास श्रम व पैसा लागतो, आणि केलेल्या कराराला कांहीं अर्थ असला पाहिजे. परंतु या वादानें विद्वज्जनांचे डोळे उघडले. मांडणीचे नियम कोणाच्याच तिजोरींत नसावे म्हणून ते एका खुल्या भाषेंत लिहिण्याचा उपक्रम ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकानें सुरू केला होता. त्याला आतां जोर चढला. या भाषेंत लिहिलेल्या मांडण्यांची संख्या पुढें दहा हजारांवर गेली, त्या कोणासही विनामूल्य मिळूं लागल्या, आणि झोटेरोच्या प्रतिस्पर्ध्यांनींही त्यांचाच आश्रय केला. दरबारीं कुलुपांत असलेली विद्या चावडीवर आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण त्यांत कज्जा नाहीं, आरडाओरड नाहीं. लंडन येथें कांहीं जर्मन तरुणांनीं २००८ सालीं ‘मेंडली’ हें सॉफ्टवेअर लोकांपुढें आणलें. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह आणि जीवशास्त्रज्ञ मेंडेल या दोघांच्या नांवांचा त्यांत संगम होता. लेखांच्या प्रति सांठविणें, त्यांच्या समासांत टिपणें लिहिणें, मित्रांशीं देवाणघेवाण करणें, हें सर्व त्यांत सुखानें होई, व तेंही मूल्य न देतां. लक्षावधि अभ्यासकांनीं आपलीं कपाटें विश्वासानें तेथें रितीं केलीं. एप्रिल २०१३ मध्यें एल्झव्हियर या जगड्व्याळ प्रकाशनसंस्थेनें मेंडली विकत घेतलें. आदल्याच वर्षीं याच संस्थेच्या किंमतींच्या धोरणाविरुद्ध हजारों शास्त्रज्ञांनीं जाहीर बहिष्काराच्या पत्रकावर सह्या केल्या होत्या! पुढें २०१८ सालीं अभ्यासकाच्या स्वतःच्या संगणकावर सांठविलेली मेंडलीची दप्तरपेटी गुप्तलिपींत बंद करण्यांत आली. कंपनीनें खाजगीपणाच्या रक्षणाचें कारण दिलें. परंतु परिणाम असा झाला कीं झोटेरोसारख्या दुसऱ्या साधनास ती पेटी सरळ उघडतां येईना. संदर्भांची यादी बाहेर काढण्याचे ठराविक मार्ग शिल्लक होते खरे. पण कप्प्यांची रचना आणि समासांतील टिपणें त्या वाटेनें बरोबर येत नसत. २०२१ सालीं हातांतल्या दूरध्वनींवरील मेंडली बंद झालें, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून संगणकावरील जुनें मेंडलीही नव्यानें मिळेनासें होऊन त्याची जागा निराळ्या आवृत्तीनें घेतली.

यांत कोणी कोणाचें कांहीं चोरलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ही कथा ओळखीची वाटेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, तेव्हां जुन्या वाड्यांतून दप्तरें होतीं; पण कोठें मालक दाखवावयास तयार नव्हता, कोठें माळ्यावरचे रुमाल वाळवीनें खाल्ले होते. तेथेंही चोरी झाली नव्हती. केवळ किल्ली एकाच्या हातीं आणि गरज दुसऱ्याची, एवढ्यानेंच इतिहासाचे कितीएक दुवे कायमचे तुटले. दप्तर कोणाच्या वाड्यांत आहे यापेक्षां तें बाहेर काढतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न मोठा आहे.

या इतिहासाच्या उजेडांत निवडीचे निकष आपोआप ठरतात. पहिला निकष हा कीं सर्व संग्रह, कप्प्यांसह व टिपणांसह, बाहेर नेतां आला पाहिजे. जुन्या रेफरन्स मॅनेजरची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबली. परंतु त्याच्या निर्मात्यांनीं रूढ केलेली ‘आरआयएस’ नांवाची नोंदपद्धति जिवंत राहिली. तिच्यांत कर्त्यास ‘एयू’, शीर्षकास ‘टीआय’ अशीं दोन अक्षरी खुणांचीं लेबलें असतात आणि मजकूर साध्या अक्षरांत असतो. म्हणून ती कोणतेंही यंत्र वाचूं शकतें. घर मोडलें, पण वळ्यांचें लांकूड उपयोगीं पडलें, असा हा प्रकार. कोणतेंही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीं दहा-वीस नोंदी त्यांत घालाव्या, त्या पुन्हां बाहेर काढून पाहाव्या, आणि मगच उरलेल्या आयुष्याचा भार त्यावर टाकावा.

दुसरा निकष कामाच्या जातीचा. गणित व पदार्थविज्ञान यांतील अभ्यासकास बिबटेकची परंपरा सोयीची, कारण त्याचें लेखनच त्या साधनाशीं जुळलेलें असतें. ज्याच्या विद्यापीठानें एंडनोट घेतलें आहे व ज्याचे सहकारी तेंच वापरतात, त्यानें तें वापरण्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र विद्यापीठ सुटलें म्हणजे परवानाही सुटतो, हें त्यानें विसरूं नये. पत्रें, हस्तलिखितें, वर्तमानपत्रें अशीं निरनिराळीं साधनें धुंडाळणाऱ्यास इतिहासकारांनीं रचलेलें झोटेरो जवळचें वाटेल. फुकट वस्तूलाही खर्च असतोच. झोटेरो ग्रंथांच्या प्रति दूरच्या सांठ्यांत ठेवण्याचें भाडें मर्यादेपलीकडे घेतें आणि त्यावर आपला कांहीं खर्च भागवितें. खर्च कोठून भागतो हें जेथें उघड दिसतें, तेथें विश्वास ठेवण्यास कांहीं आधार असतो.

तिसरा निकष आपल्या भाषेचा. हीं साधनें पाश्चात्त्य नांवांच्या घाटावर घडलीं आहेत. त्यांत नांवास एक चौकट व आडनांवास दुसरी. महादेव गोविंद रानडे यांची सोय त्यांत कशीबशी लागते; पण ज्ञानेश्वरांस आडनांव कोठून आणावें? नांव अखंड एका चौकटींत लिहिण्याची सोय आहे कीं नाहीं, हें मराठीच्या अभ्यासकानें आधीं पाहावें. जुन्या मराठी पुस्तकांवर शक छापलेला असतो. शके १८०० म्हणजे इसवी सन १८७८ किंवा १८७९, आणि दोहोंपैकीं कोणतें हें महिना पाहूनच ठरतें. हा हिशेब यंत्र करीत नाहीं. तो करून, मूळ शकही नोंदींत लिहून ठेवणें, हें अभ्यासकाचेंच काम आहे.

आणि येथेंच यंत्राची हद्द संपते. तें पानाचा आंकडा सुबक मांडील. त्या पानावर तें वाक्य खरोखर आहे कीं नाहीं, हें सांगणार नाहीं. ग्रंथालयाच्या सूचींत कर्त्याचें नांव चुकलें असेल तर तीच चूक तें इमानानें शंभर ठिकाणीं उतरवील. अलीकडे तर मजकूर रचणारीं यंत्रें अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ बेधडक रचून देतात, आणि नीटनेटक्या मांडणींत असे संदर्भ खऱ्यांहून खरे दिसतात. पूर्वीं चिठ्ठी हातानें लिहितांना निदान ग्रंथ समोर उघडा असावा लागे. आतां ग्रंथ न पाहतांही संदर्भ हातीं येतो. म्हणून सोय जितकी वाढली तितकी जबाबदारीही वाढली आहे.

गेस्नरच्या कात्रीपासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत साधन बदललें, धर्म बदलला नाहीं. आपण वाचलें तें कोठें वाचलें हें प्रांजळपणें सांगणें, आणि तें सांगण्याचें सामर्थ्य दुसऱ्याच्या कुलुपांत अडकूं न देणें, असा तो दुहेरी धर्म आहे. पहिला भाग विद्वान पूर्वींपासून जाणत होते. दुसरा त्यांना गेल्या वीस वर्षांत शिकावा लागला. ज्याच्यापाशीं आपल्या टिपणांची किल्ली आहे तोच उद्यां आपल्या विधानांचा आधार दाखवूं शकेल. इतरांना केवळ आपली आठवण पुढें करावी लागेल, आणि आठवणीला विद्वत्सभेंत पुरावा म्हणून मान नाहीं.